निर्धूर चूल : पोहोचली किती, पेटली किती ?

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळलेली आहे, की तिच्यातील चूल खरोखरीची असू शकते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. प्रत्येक घरात काही ना काही उणे असावयाचेच, एवढाच तिचा अर्थ उरला आहे. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरांतून मातीची चूल केव्हाच गेली. तिच्याबरोबर फुंकणी गेली, पोतेरे गेले, आणि माजघराच्या तुळयांवर पिढ्यान्‌पिढ्या साचलेले काजळही गेले. परंतु साऱ्या जगाचा हिशेब मांडावयास बसले, तर ही म्हण अद्याप शब्दशः खरी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आज सुमारे २१० कोटी लोकांचे, म्हणजे मानवजातीच्या जवळजवळ चतुर्थांशाचे, अन्न लाकूडफाटा, शेणी, पिकांची धसकटे, दगडी कोळसा किंवा घासलेट यांच्या धुरात शिजते. आणि घरातल्या या धुराने जगात दरवर्षी सुमारे ३० लाख माणसे अकाली मृत्यू पावतात. त्यांत बायका आणि लहान मुले यांचा वाटा मोठा आहे, कारण चुलीपाशी बसते ती बाई, आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीशी असते ते मूल. 'चूल आणि मूल' या जोडशब्दाला असा एक अर्थ असेल, हे तो योजणाऱ्यांना सुचले नसेल.

या व्याधीवर औषध नाही, असे नाही. धूर न करणारी, निदान तो घराबाहेर घालविणारी चूल कशी बांधावी, हे भारतात सत्तर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. धूर मुळातच न करणारे इंधनही ठाऊक आहे. सरकारांनी कोटींच्या संख्येने चुली वाटल्या, कोटींच्या संख्येने गॅसच्या टाक्या दिल्या. तरीही धूर उरला. औषध ठाऊक असून, वाटले जाऊनही रोगी बरा का होत नाही, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा स्वयंपाकघराच्या आणि खिशाच्या शास्त्रात अधिक सापडते.

धूर का होतो ?

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहावयास हवे. लाकूड जळते असे म्हणतात; पण वास्तविक जळतो तो मुख्यतः लाकडातून निघणारा वायू. वाळलेले लाकूड तापले, की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूप होऊन बाहेर पडतो आणि निखारा म्हणून उरतो तो केवळ उरलेला भाग. हे वायू पूर्ण जळावयाचे तर पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि त्या दोहोंचे मिश्रण होण्यास पुरेसा अवधी, अशा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्या क्वचितच एकत्र येतात. ज्योत गार भांड्याच्या बुडाला टेकते, निवते, आणि अर्धवट जळलेले वायू व कण धूर होऊन घरात पसरतात. म्हणूनच ओले सरपण अधिक धुरते. आणि म्हणूनच फुंकणीने फुंकर घालताच धूर क्षणभर ज्वाळेत नाहीसा होतो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळे झोंबविणारी द्रव्ये असतात. परंतु सर्वांत घातक असतात ते अडीच मायक्रॉनांहून बारीक कण. मनुष्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. ते नाकात अडकत नाहीत, घशात थांबत नाहीत. थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट दमा म्हणून ओळखला जाणारा श्वासरोग, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू या साऱ्यांशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. ज्या बाईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तिची छाती उतारवयात विडी ओढणाऱ्यासारखी का वाजते, याचे उत्तर बहुधा तिच्या चुलीत असते.

हा धूर प्रत्यक्ष मोजण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्यांत कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा शोषून घेणारी लहान यंत्रे बांधली, आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासात जाणाऱ्या हवेच्या दर घनमीटरामध्ये कणांचे प्रमाण सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम भरले. शहरांतील गिरण्यांच्या धुराड्यांकडे बोट दाखवून प्रदूषणाची चर्चा करणाऱ्या जगाला, अतिशय दूषित हवेची जागा म्हणजे खेड्यातील स्वयंपाकघर, ही गोष्ट नवीनच होती. चुलीपाशी बसणारीला ती नवीन नव्हती.

मगनवाडी आणि हैदराबाद

निर्धूर चुलीचा इतिहास मात्र या मोजणीपेक्षा जुना आहे, आणि त्याचा प्रारंभ मराठी मुलखाशी निगडित आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली तेथे कागद, तेलघाणी, गूळ अशा उद्योगांवर जसे प्रयोग झाले, तसेच चुलीवरही झाले. आणि त्यांतून निघालेली 'मगन चूल' बंद तोंडाची, धुराड्याची आणि गावच्या मातीतच बांधता येणारी होती. खेड्याचा उद्धार सूत काढण्याने होवो वा न होवो, तो खेड्यातील बाईच्या डोळ्यांतील पाणी थांबविल्यावाचून होणार नाही, ही जाण त्या प्रयोगामागे होती.

पुढचे पाऊल हैदराबादेत पडले. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक एस. पी. राजू यांनी धुराड्याची, एकाच विस्तवावर एकाहून अधिक भांडी तापविणारी चूल तयार केली, आणि 'लक्षावधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे' अशा अर्थाच्या नावाची एक इंग्रजी पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध केली. धरणे आणि रस्ते यांच्या मोजमापात गुंतलेल्या प्रयोगशाळेने मातीच्या चुलीकडे लक्ष द्यावे, हीच गोष्ट त्या काळी अपूर्व म्हटली पाहिजे. जगात सुधारलेल्या चुलींचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजही या पुस्तिकेपासून प्रारंभ करतात.

तथापि या चुलींतील उणिवाही लवकरच दिसून आल्या. पहिल्या भांड्याखालची आग बोगद्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या भांड्यापर्यंत पोहोचेतो मंदावे. धुराड्यात काजळी साचे, ती महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी लागे. न झाडली, तर धूर उलटा घरात येई. झडपा कशा सरकवाव्या, हे शिकविणारा माणूस निघून गेला, की त्या एकाच जागी गंजत. लांब काठ्या आत सरकविण्याची सवय असलेल्या हातांना लहान तोंडाच्या चुलीसाठी लाकडाच्या बारीक ढलप्या फोडाव्या लागत, म्हणजे काम वाढे. आणि पुढे १९८० नंतर काटेकोर मोजण्या झाल्या, तेव्हा असेही दिसले, की धुराड्याचा ओढ फार असला तर चूल उघड्या विस्तवापेक्षा अधिक लाकूड खाते.

येथे जुन्या चुलीलाही न्याय द्यावयास हवा. ती अडाणी वस्तू नव्हे. मराठी घरातील चुलीच्या अंगाला जो वैल असतो, तो मुख्य आगीच्या उरलेल्या धगीवर आमटी गरम आणि दूध कोमट ठेवतो. उष्णता वाया जाऊ न देण्याची ती युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेत शोधलेली नाही. भाकरी तव्यावर अर्धी भाजून ती निखाऱ्यांसमोर उभी टेकविली, की पोपडा सुटून फुगते. बंद चुलीत तो निखारा हाती लागत नाही. वरच्या आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे धुराने कीड न लागता टिकतात, पावसाळ्यात ओले कपडे वाळतात, थंडीत घर उबदार राहते, आणि सकाळी सर्वांच्या आंघोळीचे पाणी तापते. नवी चूल यांपैकी एकच काम करीत असेल, तर ती जुनीची जागा घेत नाही. तिच्या शेजारी जाऊन बसते.

साडेतीन कोटी चुली

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, आणि त्याच सुमारास जंगलतोडीची चिंता जगभर वाढली. १९७५ साली एरिक एकहोम यांनी जळाऊ लाकडाच्या टंचाईला 'दुसरे ऊर्जासंकट' म्हटले. चुलीकडे सरकारांचे लक्ष गेले ते या वाटेने. म्हणजे बाईच्या छातीसाठी नव्हे, जंगलाच्या लाकडासाठी. भारत सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि तो २००२ साली बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. निम्मी किंवा त्याहून अधिक किंमत सरकार देत असे. दिल्लीत आकडा ठरे, तो राज्याला वाटून मिळे, राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून गावाला. आणि मार्च महिना उजाडला, की चुली भराभर बांधल्या जात. किती बसविल्या, हे मोजले जाई. वर्षभराने त्यांपैकी किती पेटत आहेत, हे मोजण्याची तितकी निकड कोणास वाटत नसे. पुष्कळ ठिकाणी नव्या चुलीत गोवऱ्या साठविलेल्या आणि शेजारी तीन दगडांवर भात शिजत असलेला, असे दृश्य पाहणाऱ्यांस दिसले.

सर्वत्र हेच झाले, असे मात्र नाही. महाराष्ट्रात या कार्यक्रमास तांत्रिक साहाय्य देण्याचे काम डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापिलेल्या पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेकडे होते. प्रत्येक घरी हाताने मातीची चूल घडविली, की प्रत्येक चुलीचे माप निराळे आणि गुणही निराळा, ही अडचण ओळखून साच्यांतून एकसारखे भाग काढण्यावर आणि स्थानिक कुंभारांना चुली बनवून विकण्याचा धंदा शिकविण्यावर तेथे भर देण्यात आला. जेथे कुंभाराला चुलीची किंमत मिळाली, तेथे तो ती पुन्हा बनवीत राहिला. जेथे ती केवळ अनुदानावर आली, तेथे अनुदान संपताच चूलही संपली.

याच दशकांत चीनने जे केले, ते पडताळून पाहण्यासारखे आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झालेल्या कार्यक्रमात सुमारे दहा वर्षांत बारा कोटींहून अधिक घरांत सुधारलेल्या चुली गेल्या. साऱ्या देशात एकदम हात न घालता सरपणाची टंचाई असलेले तालुके निवडण्यात आले. सरकारने खर्चाचा फारच थोडा भाग उचलला आणि बाकीचा घरमालकाने दिला. चुलीचे महत्त्वाचे भाग कारखान्यांत बनून बाजारात विकले गेले. आणि झालेले काम ज्यांनी केले, त्यांच्याव्यतिरिक्त दुसऱ्यांनी तपासले. ज्याने पदरचे पैसे घातले, त्याने चूल वापरली. त्या चुलींनीही कोळशाच्या धुराचा प्रश्न पुरता सोडविला नाही, हे खरे. पण चूल स्वीकारली कशी जाते, याचा धडा त्यातून मिळाला.

उलट धडा ओडिशात मिळाला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील सुमारे २,६०० घरांचा पाठपुरावा चार वर्षांपर्यंत केला. निर्धूर चूल मिळाल्यावर पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासातील धूर घटला. पुढे तो लाभ नाहीसा झाला. चुलीला भेगा पडल्या, त्या लिंपल्या गेल्या नाहीत. धुराडी झाडली गेली नाहीत. वापर हळूहळू कमी झाला. प्रयोगशाळेतील चूल आणि चौथ्या वर्षाची चूल या दोन निरनिराळ्या वस्तू होत, हे त्या अभ्यासाने दाखविले.

धूर अर्धा करून भागते काय ?

आणखी एक कठीण प्रश्न वैद्यकशास्त्राने उभा केला. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात मक्याच्या पोळ्या भाजण्यास सोयीची, लोखंडी तव्याची आणि धुराड्याची 'प्लांचा' नावाची चूल असते. ती सुमारे पाचशे घरांपैकी निम्म्यांना आधी आणि निम्म्यांना नंतर देऊन मुलांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्याने कमी झाला. तीव्र न्यूमोनिया घटला. परंतु एकूण न्यूमोनियातील घट निर्विवाद म्हणावी इतकी नव्हती. धूर अर्धा होऊनही जो उरला, तोही फार होता. विडीचे दोन कट्टे ओढणाऱ्याने एक ओढला, म्हणून त्याची छाती निम्म्याने बरी होत नाही, तसाच हा प्रकार.

यावरून तज्ज्ञांचे मत हळूहळू पालटले. लाकडाची चूल सुधारीत बसण्यापेक्षा लाकूडच सोडून गॅस किंवा वीज यांकडे जावे, असा विचार बळावला. परंतु शास्त्र येथेही सोपे उत्तर देण्यास तयार नव्हते. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा या चार देशांतील सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांच्या एका मोठ्या प्रयोगात निम्म्या घरांना दीड वर्ष गॅस आणि शेगडी फुकट पुरविण्यात आली. त्यांच्या श्वासातील कण एकतृतीयांशावर आले. तरी बाळांच्या जन्मवजनात किंवा त्यांच्या तीव्र न्यूमोनियात लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०२२ आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे, असा मुळीच नव्हे. दीड वर्षाचा अवधी आयुष्यभराच्या रोगांबद्दल फारसे सांगू शकत नाही. न्यूमोनियाला धुराखेरीज कुपोषण, गर्दी, लस न मिळणे अशी इतरही कारणे असतात. आणि एका घरची चूल विझली, तरी आळीतल्या इतर घरांचा धूर त्या घरात यावयाचा राहत नाही. धूर उंबरठा ओळखीत नाही. म्हणून एकेका घराला निर्धूर करण्यापेक्षा गावच्या गाव निर्धूर करण्याचे महत्त्व अधिक, असा बोध त्यातून घेता येतो.

गॅसची टाकी

भारतात स्वयंपाकाचा गॅस टाकीतून मिळू लागला तो १९५५ साली, मुंबईत. पुढची कित्येक दशके तो शहरी मध्यमवर्गाचा विशेषाधिकार होता, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. गरीब बाईच्या घरी तो नेण्याचा एक मोठा प्रयत्न पुन्हा हैदराबादेहूनच झाला. १९९९ साली अविभक्त आंध्र प्रदेश सरकारने 'दीपम्' योजना काढून गरीब घरांतील स्त्रियांच्या वतीने गॅसजोडणीची अनामत भरली. जोडण्या भराभर झाल्या. पण टाकी पुन्हा भरून आणण्याचा खर्च घरावरच राहिल्याने पुष्कळ घरांत ती पाहुण्यांच्या चहापुरती किंवा पावसाळ्यात ओले सरपण पेटेना तेव्हापुरती उरली.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. दारिद्र्यरेषेखालील घरातील स्त्रीच्या नावे जोडणी, आणि त्यासाठी १,६०० रुपयांचे साहाय्य, असे तिचे स्वरूप होते. पाच कोटींचे उद्दिष्ट पुढे आठ कोटींवर नेण्यात आले, आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. पुढे हा आकडा दहा कोटींच्याही वर गेला. इतक्या थोड्या वर्षांत इतक्या घरांपर्यंत नवे इंधन नेण्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. पाच माणसांच्या कुटुंबाचा सारा स्वयंपाक गॅसवर व्हावयाचा, तर वर्षाला सात-आठ टाक्या तरी लागतात. महालेखापालांच्या २०१९ सालच्या अहवालात उज्ज्वलाच्या घरांचा सरासरी वापर वर्षाला सव्वातीन टाक्यांहूनही थोडा कमी आढळला. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०१९-२० साली तो ३.०१ होता. २०२० साली साथीच्या काळात तीन टाक्या फुकट देण्यात आल्या, तेव्हा तो ४.३९ वर गेला; ती सवलत संपली आणि भाव वाढले, तेव्हा २०२१-२२ साली पुन्हा ३.६८ वर उतरला. २०२२ साली मोठ्या टाकीचा भाव हजार रुपयांच्या वर गेला. त्यानंतर या घरांना टाकीमागे प्रथम २०० आणि पुढे ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांची सूट मिळू लागली, आणि २०२४-२५ साली वापर साडेचार टाक्यांच्या जवळ आला. बायकांना गॅस नको आहे, त्यांना धुराची सवय झाली आहे, असे म्हणणाऱ्यांना हे चढउतार पुरेसे उत्तर देतात. भाव उतरला, की गॅस पेटतो. भाव चढला, की चूल पेटते.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५९ टक्के घरांत स्वच्छ इंधनावर मुख्य स्वयंपाक होत असल्याचे आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३ टक्के होते. गोव्यात दहापैकी नवांहून अधिक घरे स्वच्छ इंधनावर आलेली होती, तर मध्य प्रदेशात जेमतेम चार. एकाच देशात, एकाच योजनेखाली हे अंतर पडते, याचे कारण मिळकतीत आहे, रस्त्यांत आहे, टाकीच्या गाडीला खेडे किती दूर पडते त्यात आहे. आणि सरपण किती जवळ आहे, त्यातही आहे.

फुकटचे सरपण

आणि येथेच प्रश्नाचे मूळ हाती लागते. इंडोनेशियाने २००७ पासून घासलेटावरचे अनुदान काढून तीन किलोच्या लहान टाक्या वाटल्या, आणि थोड्याच वर्षांत पाच कोटींहून अधिक घरे घासलेटावरून गॅसवर आली. परंतु लाकूड वेचून आणणारी घरे त्या मानाने मागे राहिली. कारण उघड आहे. घासलेट विकत घेणाऱ्याचे पैसे पूर्वीही जात होते. ते आता दुसऱ्या दुकानात गेले, इतकेच. सरपण वेचणाऱ्या घराला मात्र प्रथमच इंधनासाठी रोख पैसा काढावा लागतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात पडलेल्या असतात, शेणी भिंतीवर थापलेल्या असतात, मोळी रानातून येते. हे जळण 'फुकट' असते.

ते खरोखर फुकट असते काय? मोळी बांधण्यास जो अर्धा दिवस जातो, तो बाईचा. शेणाच्या पाटीखाली जी मान दुखते, ती बाईची. चुलीसमोर जे डोळे चुरचुरतात, ते बाईचे. घरच्या जमाखर्चात या कशाचीच नोंद नसते, कारण खर्च म्हणतात तो खिशातून जाणाऱ्या पैशाला. आणि खिसा बहुधा दुसऱ्याचा असतो. टाकी आणावयाची की नाही, हे ठरविणारा चुलीपाशी बसत नाही; आणि चुलीपाशी बसणारीला ते ठरविता येत नाही. जोडणी स्त्रीच्या नावे झाली, हा आरंभ झाला. टाकीचे पैसे तिच्या हाती असणे, हे त्यापुढचे काम अजून बाकी आहे. ज्या घरातील बाईचे तास मजुरीने मोजले जाऊ लागतात, तेथे मोळी आपोआप महाग वाटू लागते.

गॅसला पर्याय नाहीत, असे नव्हे. गोबरगॅसचे ज्ञान भारतात जुने आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैलापाण्यापासून वायू काढण्यात येत होता, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकात गोबरगॅस संयंत्राचा देशभर प्रसार केला. परंतु त्याला चार-पाच जनावरांचे शेण आणि रोजचे पाणी लागते. भूमिहीनाच्या दारी ही दोन्ही नसतात. विजेची शेगडी पुढेमागे मोठा आधार होईल. पण तिला सपाट बुडाची निराळी भांडी लागतात, आणि संध्याकाळी भाकरी थापण्याच्या वेळीच दाब उतरला, तर तिचा उपयोग नाही. टाकीतील गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो, म्हणून दूरच्या समुद्रातील गडबडीची झळ खेड्यातील शेगडीला लागते. एकाच इंधनाने सर्व घरे निर्धूर होतील, ही आशा व्यर्थ आहे. जेथे गॅस परवडेल तेथे गॅस, जेथे वीज भरवशाची तेथे वीज, जेथे गोठा भरलेला तेथे गोबरगॅस, आणि यांपैकी काहीच नसेल तेथे निदान नीट बांधलेली, वेळच्या वेळी झाडलेली धुराड्याची चूल, असाच क्रम लावावा लागेल.

हिशेब कशाचा ठेवावा ?

मगनवाडीपासून आजवरच्या या प्रयत्नांत अप्रामाणिकपणा कमी आणि मोजण्याची चूक अधिक झालेली दिसते. आरंभी चुली मोजल्या गेल्या, नंतर जोडण्या मोजल्या गेल्या. दोन्ही आकडे देणाऱ्याचे आहेत, घेणारीचे नाहीत. घेणारीचा आकडा निराळा असतो : वर्षाला किती टाक्या रित्या झाल्या, जुनी चूल आठवड्यातून किती वेळा पेटली, आंघोळीचे पाणी कशावर तापले. पाच किलोची लहान टाकी रोजंदारीच्या पैशांत बसते म्हणून तिचा प्रसार करावा, गावातच टाकी मिळण्याची सोय व्हावी, भावातील सूट गरिबाला आधीच वजा होऊन मिळावी, पाणी तापविण्यासाठी वेगळे व निर्धूर साधन मिळावे, धुराडी झाडण्याचे व चूल दुरुस्त करण्याचे काम गावातील कोणाच्या तरी पोटापाण्याशी जोडले जावे, या साऱ्या सूचना लहान आहेत. परंतु चूल विझविण्याचे काम अशा लहान गोष्टींवरच अडलेले आहे.

मराठीत भावाभावांची वाटणी झाली, की 'चूल वेगळी झाली' असे म्हणतात. नवा संसार थाटला, की 'चूल मांडली' म्हणतात. घरात अन्न नसले, की 'आज चूल पेटली नाही' म्हणतात. घराच्या सुखदुःखाचे मोजमाप या भाषेने चुलीवर केले आहे. त्या चुलीच्या धुराचे मोजमाप करण्याची पाळी फार उशिरा आली. ज्या शहरांतून आता धूर गेला आहे, तेथील स्वयंपाकघरांत उभ्याने, कोरड्या डोळ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला तिच्या आजीचे खोकणे आठवत असेल. शेजारच्या खेड्यातील बाईच्या घरी तो खोकला आजचा आहे, आणि तिच्या शेगडीखालची टाकी या महिन्यात भरून आली की नाही, हे विचारणारे कोणीतरी असावयास हवे.